डिसॅबिलिटी पेन्शनची अपिले : निकाल नेमका कशावर लागतो?

माढ्याचा क्लार्क (धागाकर्ता)

फौजेतून आजाराचा किंवा दुखापतीचा शेरा घेऊन घरी आलेल्या आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या अनेकांच्या ट्रंकेत एक पत्र जपून ठेवलेले असते. पत्र एका पानाचे असते आणि मजकूरही ठरलेला असतो : वैद्यकीय मंडळाच्या मते आपले अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले नाही व सेवेमुळे वाढलेलेही नाही, सबब अपंगत्व पेन्शनचा दावा नामंजूर करण्यात येत आहे, निर्णय मान्य नसल्यास सहा महिन्यांत अपील करावे. फायलींत हा शेरा इंग्रजी आद्याक्षरांनी ‘नाना’ असा लिहिला जातो. पुढे मी तोच शब्द वापरतो.

माझी सगळी नोकरी क्लार्क म्हणून फायलींतच गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर ओळखीपाळखीचे लोक ही पत्रे घेऊन माझ्याकडे येतात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो : अपील करून उपयोग होतो का? ‘होतो’ आणि ‘होत नाही’ ही दोन्ही उत्तरे खरी आहेत, म्हणून कोणती प्रकरणे निघतात आणि कोणती पडतात हे एका जागी मांडावे, यासाठी हा धागा काढला आहे. माझे मत आधीच सांगतो. आजार किती मोठा आहे, घरची परिस्थिती किती हलाखीची आहे किंवा सेवेत पदके किती मिळाली, याला अपिलात फारसे वजन नसते. वैद्यकीय मंडळाने कारणाच्या रकान्यात काय लिहिले आणि काय लिहायचे राहून गेले, यावर बहुतेक निकाल लागतात.

नियम थोडक्यात असा आहे. पेन्शन विनियमांनुसार (आधीचे १९६१ चे, नंतरचे २००८ चे) अपंगत्वाचा सेवेशी संबंध असला पाहिजे, म्हणजे ते सेवेमुळे झालेले किंवा सेवेमुळे वाढलेले असले पाहिजे, आणि त्याचे प्रमाण २० टक्के किंवा अधिक असले पाहिजे. सेवेशी संबंध कसा ठरवायचा हे पात्रता नियमांत, म्हणजे एन्टायटलमेंट रूल्समध्ये आहे. १९८२ च्या नियमांतील नियम ५ म्हणतो की भरतीच्या वेळी जो दोष कागदावर नोंदलेला नाही तो त्या वेळी नव्हता असे धरायचे, आणि पुढे प्रकृतीच्या कारणाने माणूस बाहेर पडला तर ती सेवेमुळेच बिघडली असे गृहीत धरायचे. नियम ९ नुसार आपला हक्क सिद्ध करण्याचा भार दावेदारावर नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा आहे. नियम १४(ब) म्हणतो की भरतीच्या तपासणीत हा आजार सापडणे शक्यच नव्हते असे मंडळाचे मत असेल, तर मंडळाने त्याची कारणे लिहिली पाहिजेत.

हे नियम बरीच वर्षे कागदावरच होते. ‘धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी निकाल दिला तेव्हा त्यांना खरे बळ आले. सिग्नल कोअरचा हा शिपाई १९८५ मध्ये भरती झाला होता आणि अपस्माराच्या झटक्यांमुळे १९९४ मध्ये २० टक्के अपंगत्वावर त्याला घरी पाठवले होते. उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने दिलेली पेन्शन खंडपीठाने काढून घेतली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते : भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नाही, मंडळाने कारण लिहिलेले नाही, मग गृहीतक जवानाच्या बाजूने उभे राहते. त्यानंतरची असंख्य प्रकरणे याच निकालाच्या पाठीवर उभी आहेत.

अपिलाचा रस्ता असा आहे. पहिले अपील पहिल्या अपिलीय समितीकडे, दुसरे संरक्षण मंत्रालयाच्या पातळीवरील दुसऱ्या अपिलीय समितीकडे आणि तिथेही नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी त्याचे प्रादेशिक पीठ मुंबईत आहे. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला आणि पुढे पाठवायला मदत मिळते. दावा मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकार त्या कार्यालयाला नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांवर राग काढणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पहिल्या दोन अपिलांत फार आशा ठेवू नये, असे माझे मत आहे. समिती नव्याने तपासणी क्वचितच करवते. त्याच कागदांवरून तेच वाक्य पुन्हा येते. तरी ही अपिले करावी लागतात, कारण न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार खात्यातले उपाय आधी संपवावे लागतात. मात्र सहा महिने उलटूनही अपिलाचे उत्तर आले नाही, तर तो उपाय संपला असे धरून पुढे जाता येते. उत्तराची वाट पाहत वर्षानुवर्षे घरी बसणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

सांगोलेकर

धाग्याबद्दल आभार. माझ्या थोरल्या बंधूंचे प्रकरण लिहितो. नाव आणि रेजिमेंट सांगत नाही. ते हवालदार पदावरून मुदत पूर्ण करून निवृत्त झाले. निवृत्तीच्या वैद्यकीय मंडळात उच्च रक्तदाब, ३० टक्के, कायमस्वरूपी अशी नोंद झाली आणि पुढे ‘नाना’. पहिले अपील फेटाळले गेले. मंडळाच्या कार्यवाहीची प्रत, म्हणजे ए.एफ.एम.एस.एफ.-१६ हा फॉर्म, आम्ही माहितीच्या अधिकारात मागवला. कारणाच्या रकान्यात हाताने एकच ओळ लिहिली आहे. तिचा अर्थ असा : आजाराची सुरुवात शांतता क्षेत्रात, सेवेशी संबंध नाही, मार्गदर्शिकेचा प्रकरण ६, परिच्छेद ४३ पाहावा. त्याच फॉर्मच्या पहिल्या भागात मात्र त्यांच्या सगळ्या पोस्टिंगचा तक्ता आहे आणि आजार सापडण्याच्या अगोदरचा काळ त्यांनी जम्मू-काश्मीरमध्ये फील्डवर, म्हणजे मोहिमेच्या क्षेत्रात, काढला आहे. एकाच फॉर्मवरच्या या दोन गोष्टींचा मेळ कसा लावायचा?

माढ्याचा क्लार्क

सांगोलेकर, अपिलाचा मुद्दा तुमच्या प्रश्नातच आहे.

परिच्छेद ४३ म्हणजे लष्करी पेन्शनसंबंधी वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेतला उच्च रक्तदाबावरचा परिच्छेद. मधुमेहासाठी २६, हृदयविकारासाठी ४७ आणि मानसिक आजारांसाठी ५४ हे परिच्छेद आहेत. फील्ड, अतिउंच प्रदेश किंवा घुसखोरीविरोधी मोहिमेतल्या सेवेच्या काळात रक्तदाब उद्भवला असेल तर ‘सेवेमुळे वाढला’ असे मानण्याची वाट हाच परिच्छेद देतो. मंडळाने त्याचा क्रमांक लिहिला, पण त्यातल्या कसोटीवर तुमच्या बंधूंची सेवा तपासून पाहिली नाही. दुसऱ्या अपिलात भावनिक मजकूर घालू नका. पोस्टिंगचा तक्ता जोडा, फील्डवरून परतल्याची तारीख आणि रक्तदाबाची पहिली नोंद झाल्याची तारीख शेजारी शेजारी लिहा, आणि शांतता क्षेत्रात निदान झाले म्हणजे आजार तिथेच सुरू झाला असे होत नाही, एवढेच म्हणा. रक्तदाब काही पोस्टिंगच्या ऑर्डरवर चढून येत नाही.

हृदयविकाराचे प्रकरण असेल तर परिच्छेद ४७ मध्ये झटक्याच्या अगोदरच्या १४ दिवसांतल्या कामाचा तपशील पाहिला जातो. तो युनिटने भरून द्यायचा असतो. अनेक फायलींत ते पान कोरे असते किंवा ‘नेहमीची ड्युटी’ एवढेच दोन शब्द लिहिलेले असतात. त्या १४ दिवसांत रात्रीची गार्ड, फायरिंग रेंज किंवा लांबचा मार्च असेल तर युनिटच्या नोंदी मागवून जोडाव्यात.

कागद मागवण्याबद्दलही लिहितो. वैद्यकीय मंडळाची कार्यवाही आपल्या रेकॉर्ड्सकडून, म्हणजे रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडून, मागवावी : मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, सिग्नल्सचे जबलपूरला, महार रेजिमेंटचे सागरला. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या पोस्टल ऑर्डरवर होतो. मंडळाची कार्यवाही, भरतीच्या वेळचा तपासणी अहवाल आणि फेटाळणीचे पत्र हे तीन कागद हातात आल्याशिवाय अपील लिहायला बसू नये.

पंढरीचा वारकरी

वाचनखूण साठवली. आमच्या गावातल्या दोघांना पाठवतो आहे.

निवृत्त वैद्य

मी लष्करी वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालो असून अशा मंडळांवर बसलो आहे. धागाकर्त्यांचा सूर संयत आहे, तरी मंडळाची बाजूही वाचकांसमोर यावी म्हणून लिहितो.

मंडळ म्हणजे जवानाचा शत्रू, ही समजूत चुकीची आहे. एका दिवसात मंडळासमोर बरेच जण येतात, फॉर्म लांबलचक असतो आणि अनेकदा युनिटकडून आलेली माहिती अपुरी असते. नियम १४(ब) सगळे सांगतात, पण लगतचा १४(क) कोणी वाचत नाही. आजार सेवाकाळात उद्भवला हे मान्य केल्यानंतरही सेवेच्या परिस्थितीमुळे तो ओढवला किंवा तिचा त्यात वाटा होता, हे दिसावे लागते. वीस वर्षे तंबाखू खाणाऱ्या, वजन सुटलेल्या आणि घरात मधुमेहाचा वारसा असलेल्या माणसाला निवृत्तीच्या उंबरठ्यावर मधुमेह निघाला, तर तो फौजेमुळेच झाला असे डॉक्टर म्हणून मी सही करून कसे लिहावे? सिव्हिलमधल्या त्याच वयाच्या माणसाला तो होत नाही का?

न्यायालयांनीही वैद्यकीय मताला महत्त्व दिलेले आहे. ‘केशर सिंह’ (२००७) आणि ‘दामोदरन’ (२००९) या स्किझोफ्रेनियाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचे मत प्रमाण मानून दावा नाकारला. ‘नरसिंह यादव’ प्रकरणात तर २०१९ मध्ये, म्हणजे धरमवीर सिंह निकालानंतर सहा वर्षांनी, न्यायालयाने म्हटले की काही मानसिक आजार भरतीच्या तपासणीत सापडूच शकत नाहीत, म्हणून केवळ नोंद नव्हती यावरून गृहीतक लावता येणार नाही. अपील केले की पेन्शन मिळतेच, असा समज या धाग्यावरून कोणी करून घेऊ नये. मिळालेल्या निकालांचा गाजावाजा होतो. पडलेल्या प्रकरणांचे कागद कोणी फोरमवर टाकत नाही.

काळा कोट

डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद महत्त्वाचा आहे आणि त्यातले निकाल बरोबर आहेत. वकील म्हणून त्यात भर घालतो.

नरसिंह यादव निकालाने मंडळाला कारणे न लिहिण्याची मुभा दिलेली नाही. आजार तपासणीत सापडण्यासारखा नव्हता, असे मंडळाने कारणासह लिहिले असेल तर न्यायालय त्यात सहसा हात घालत नाही. नुसते ‘संबंध नाही’ लिहिले असेल तर चित्र बदलते. ‘वीर पाल सिंह’ (२०१३) या स्किझोफ्रेनियाच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या मतावर शिक्का मारण्याऐवजी पुनर्विलोकन मंडळासमोर नव्याने तपासणी करायला लावली. ‘राजुमोन’ प्रकरणात, मे २०२५ मध्ये, आजार पुन्हा तोच होता. मंडळाने कारण दिलेले नव्हते म्हणून त्या मतावर विसंबता येणार नाही असे म्हणून न्यायालयाने जवानाला पेन्शन दिली. आजार एकच असताना केशर सिंह पडला आणि राजुमोन निघाला, तो कारणाच्या रकान्यामुळे. इथे मी धागाकर्त्यांशी पूर्ण सहमत आहे.

मधुमेहाबद्दल डॉक्टरसाहेबांनी जो प्रश्न विचारला तो सरकारी वकीलही विचारतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मधल्या निकालांत त्याला उत्तर दिले आहे. आजार जीवनशैलीचा आहे किंवा शांतता क्षेत्रात सुरू झाला, एवढे म्हणून भागणार नाही. या जवानाच्या बाबतीत तो अन्य कोणत्या कारणाने झाला हे मंडळाने दाखवले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये त्या न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या आदेशांविरुद्ध केंद्र सरकारने दाखल केलेल्या सुमारे ३०० याचिका एकाच निकालात फेटाळल्या. डॉक्टरसाहेब, तंबाखू आणि घराण्यातला मधुमेह तुम्ही रकान्यात खरोखर लिहिलात, तर ते कारण झाले आणि जवानाचे प्रकरण अवघड झाले. अडचण अशी आहे की बहुतेक फायलींत ते लिहिलेले नसते आणि न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर मागाहून उगवते.

२० टक्क्यांच्या अटीबद्दलही खुलासा करतो, कारण त्यावरून गोंधळ होतो. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याचे अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली असेल तर दावा उभा राहत नाही. ‘विंग कमांडर राठोर’ प्रकरणात डिसेंबर २०१९ मध्ये हे स्पष्ट झाले. मुदतीआधी प्रकृतीच्या कारणाने बाहेर काढलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. ‘सुखविंदर सिंह’ (२०१४) निकाल सांगतो की ज्या अपंगत्वामुळे फौजेने माणसाला ठेवूनच घेतले नाही, ते २० टक्क्यांहून अधिक आहे असे धरायचे. सियाचिनमध्ये ड्युटी करताना झटके आलेल्या ‘बिजेंदर सिंह’ यांना एप्रिल २०२५ मध्ये याच तत्त्वावर पेन्शन मिळाली. त्यांना १९८९ मध्ये घरी पाठवले होते. आपल्या डिस्चार्ज बुकावर बाहेर पडण्याचे कोणते कारण लिहिले आहे, हे आधी पाहा.

निवृत्त वैद्य

मागाहून प्रतिज्ञापत्रावर कारणे जोडू नयेत, हे मला मान्य आहे. मात्र जीवनशैलीच्या आजारांवर सरसकट पेन्शन मिळाल्याने गोळी लागून अपंग झालेल्या जवानाच्या पेन्शनची प्रतिष्ठा कमी होते, असे मला वाटते आणि यावर माझे मत बदललेले नाही.

अक्कलकोटकर

माझा धाकटा भाऊ वार्षिक रजेवर घरी आला होता. गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला जाताना मोटारसायकल घसरली आणि गुडघा निकामी झाला. मंडळाने ३० टक्के दिले, पण ‘सेवेशी संबंध नाही’ असे लिहिले. एक एजंट म्हणतो की फौजी रजेवर असला तरी ड्युटीवरच धरतात, हमखास काम होईल. त्याने पैशांचीही मागणी केली आहे. काय करावे?

काळा कोट

पैसे देऊ नका. भाऊसाहेबांचे प्रकरण मला कमकुवत वाटते आणि ते कारणासह सांगतो.

रजेवरच्या अपघातांत न्यायालय एकच गोष्ट पाहते : त्या क्षणी माणूस जे करत होता त्याचा फौजेच्या कामाशी काही धागा जुळतो का? ‘मदन सिंह शेखावत’ (१९९९) प्रकरणात जवान रजेवर निघाला असताना प्रवासात अपघात झाला. प्रवास स्वखर्चाने होता म्हणून सरकारने नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो प्रवास ड्युटी मानला. युनिट सोडून घरी येताना किंवा घरून युनिटला परतताना अपघात झाला, तर प्रकरणात दम असतो. घरी पोचल्यानंतर खासगी कामासाठी किंवा सणासमारंभाला जाताना झालेले अपघात मात्र बहुधा पडतात. ‘जुझार सिंह’ (२०११) वार्षिक रजेवर असताना स्कूटरच्या अपघातात जखमी झाले होते आणि ‘विजय कुमार’ (२०१५) रजेत बहिणीच्या घरी पडले होते. दोघांचेही दावे सर्वोच्च न्यायालयाने नाकारले. यात्रेचा प्रसंग याच गटात बसतो.

युनिटने भरलेला दुखापत अहवाल, म्हणजे आय.ए.एफ.वाय.-२००६ हा फॉर्म, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, झाली असल्यास तिचे निष्कर्ष मात्र जरूर मागवा. कमांडिंग ऑफिसरने त्यात ‘सेवेशी संबंधित’ असे लिहिलेले असेल तर ते मंडळावर किंवा न्यायाधिकरणावर बंधनकारक नसते, पण तुमच्या बाजूचा एक कागद होतो. तसे काही नसेल तर भावाचा वेळ आणि तुमचा पैसा वाचवा. सेवेची वर्षे पूर्ण असतील तर सर्वसाधारण पेन्शनला यामुळे धक्का लागत नाही.

बार्शीची लेक

माझे वडील १९९० च्या दशकात आजारपणामुळे मुदतीआधी घरी आले. त्या काळी अपील करतात हेच घरात कोणाला माहीत नव्हते. आता ते थकले आहेत. इतक्या वर्षांनी दावा करता येतो का? केल्यास मागचे सगळे पैसे मिळतात का? आणि दावा चालू असताना त्यांचे काही बरेवाईट झाले तर आई पुढे चालवू शकेल का?

माढ्याचा क्लार्क

ताई, तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतो.

करता येतो. न्यायाधिकरणात येण्याची मुदत कलम २२ नुसार अंतिम नकारानंतर सहा महिन्यांची आहे, पण पेन्शन न देणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानला जातो, म्हणून उशीर माफ करण्याचा अर्ज जोडल्यास उशिरा आलेली प्रकरणेही ऐकली जातात. मात्र उशिराची किंमत मोजावी लागते. ‘तरसेम सिंह’ (२००८) हे प्रकरण अगदी तुमच्या वडिलांसारखे आहे. ते १९८३ मध्ये घरी आले आणि १९९९ मध्ये न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १६ वर्षांची थकबाकी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका दाखल होण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरती खाली आणली. पुढची पेन्शन आयुष्यभर, मागचे पैसे तीन वर्षांचे, असा हिशेब त्यामुळे रूढ झाला आहे. विचार करण्यात गेलेला प्रत्येक महिना थकबाकीतून वजा होतो, म्हणून अर्ज लवकर टाका.

दुसरी अडचण कागदांची आहे. २००८ च्या पात्रता नियमांत असे आहे की दावा १५ वर्षांनंतर केला आणि जपणुकीची मुदत संपून सेवेचे कागद नष्ट झाले असतील, तर हक्क सिद्ध करण्याचा भार दावेदारावर येतो. तुमच्या वडिलांना १९८२ चे नियम लागू पडतात असे म्हणता येईल, तरी कागद नसतील तर मंडळाने काय लिहिले होते हेच दाखवता येणार नाही. घरात डिस्चार्ज बुक, लष्करी रुग्णालयाची चिठ्ठी, जुने फेटाळणीचे पत्र, जे सापडेल ते एकत्र करा आणि त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज रेकॉर्ड्सना धाडा.

आईबद्दल चिंता नको. न्यायाधिकरणाचा कायदा निवृत्त सैनिकांच्या अवलंबितांना आणि वारसांनाही सेवाविषयक बाबींत लागू आहे, त्यामुळे चालू प्रकरणात त्यांचे नाव लावून घेता येते.

वकिलाची फी परवडत नसेल तर आधी सैनिक कल्याण कार्यालयात आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली असून सैनिक कल्याण कार्यालयांत कायदेविषयक मदत मिळावी हा तिचा हेतू आहे.

सांगोलेकर

रकमेचा हिशेब कोणी सांगेल का? बंधू म्हणतात, एवढा खटाटोप करून हाती किती येणार?

माढ्याचा क्लार्क

१०० टक्के अपंगत्वाला अपंगत्व घटक हा शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो आणि त्याखाली प्रमाणात कमी होतो. समजा हिशेबात धरायचे वेतन ४०,००० रुपये आहे. १०० टक्क्यांना १२,००० रुपये होतील आणि बंधूंच्या ३० टक्क्यांना ३,६०० रुपये. त्यावर राउंडिंग ऑफ लागते : ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि ७६ च्या पुढे असेल तर १००. म्हणजे ३० चे ५० टक्के धरून ६,००० रुपये, शिवाय महागाई भत्ता, आणि ही रक्कम नेहमीच्या पेन्शनच्या वर. ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने ही सवलत फक्त मुदतीआधी प्रकृतीमुळे बाहेर पडलेल्यांना दिली होती. मुदत पूर्ण केलेल्यांनाही ती मिळेल, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘राम अवतार’ प्रकरणात १० डिसेंबर २०१४ रोजी ठरवले. न्यायाधिकरणात अर्ज करताना राउंडिंगची मागणी वेगळी लिहा. ती लिहायची राहिली म्हणून पुन्हा फेरी मारावी लागलेले एक गृहस्थ मोहोळ तालुक्यात आहेत.

करमाळा एक्स

२०२३ मध्ये नवे नियम आले म्हणतात. आता जुन्यांचेही बंद होणार का?

काळा कोट

नाही. नवे पात्रता नियम २१ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाले आणि ते पूर्वलक्षी नाहीत, असे संरक्षण मंत्रालयाने सांगितले आहे. सांगोलेकरांचे बंधू किंवा बार्शीच्या ताईंचे वडील यांच्यावर त्यांचा परिणाम होत नाही.

आता निकाल हाती आल्यानंतरचे लिहितो, कारण तिथे लोक गाफील राहतात. न्यायाधिकरणाचा आदेश म्हणजे खात्यात जमा झालेले पैसे नव्हेत. आदेशात अंमलबजावणीची मुदत दिलेली असते आणि ती अनेकदा उलटून जाते. मग कलम २९ च्या आधारे अंमलबजावणीचा अर्ज करावा लागतो. तो केल्यावर पुष्कळदा सशर्त पी.पी.ओ. (पेन्शन देण्याचा आदेश) निघतो, म्हणजे सरकारच्या आव्हानाचा निकाल लागेपर्यंत पेन्शन चालू, पण अटीवर. तो पी.पी.ओ. प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयातून निघून ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर दिसतो. थकबाकी एकरकमी आली तर लगेच घर बांधायला काढू नये. अट उठेपर्यंत काही भाग बाजूला ठेवावा, असे मी माझ्या पक्षकारांना सांगतो.

आव्हान कुठे होते तेही सांगतो. ‘मेजर जनरल श्रीकांत शर्मा’ (२०१५) निकालानंतर उच्च न्यायालयाची दारे जवळजवळ बंद झाली होती आणि सर्वोच्च न्यायालयात जायचे तर सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा लागत होता. मार्च २०२३ च्या ‘परशोत्तम दास’ निकालाने उच्च न्यायालयाचा रिट अधिकार, म्हणजे न्यायाधिकरणाचा निकाल तपासण्याचा अधिकार, पुन्हा मोकळा केला. त्याचा फायदा हरलेल्या जवानाला मिळाला, तसा हरलेल्या सरकारलाही मिळाला. दिल्लीतल्या त्या ३०० याचिका याच वाटेने आल्या. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अपंगत्वाच्या प्रकरणांत सरकारने अशी अपिले करत बसू नये असे सुचवले होते. ते पुरते पाळले गेले असते तर या धाग्यावरचे निम्मे प्रश्न उरले नसते.

आणि एक सूचना. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. त्यामुळे ‘पेन्शनचा दावा आता कोल्हापूरला करायचा’ असा निरोप काही माजी सैनिकांच्या गटांत फिरतो आहे. तो चुकीचा आहे. न्यायाधिकरण वेगळे आणि उच्च न्यायालय वेगळे. मूळ अर्ज न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठातच करायचा असतो. त्यासाठी आपली सिद्धेश्वर एक्स्प्रेसच धरावी लागणार.

सांगोलेकर

पोस्टिंगचा तक्ता आणि दोन्ही तारखा जोडून दुसऱ्या अपिलाचा मसुदा केला आहे. माढेकर साहेब, व्यक्तिगत निरोपात पाठवतो, नजर घालावी.

माढ्याचा क्लार्क

पाठवा. सोबत फॉर्मच्या पहिल्या भागाची प्रतही जोडा. मसुद्यातल्या तारखा तिच्याशी ताडून पाहतो.